हिशेब आधी, भट्टी मग



आपल्या हिवरे बाजारात पाऊस सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पडलं किती, माणसांना-जनावरांना लागेल किती, हे बघून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिकं ठरतात. पोपटराव पवारांनी गावाला लावलेली ही सवय. माझं काम आईला सांगताना मी तिचाच आधार घेतला : 'पदार्थ बनवण्याआधी आम्ही संगणकावर त्याचा हिशेब करतो.' ती म्हणाली, 'मग पिकतं का?'

कधी कधी पिकतं. पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम उत्तम, पण परवडत नाही. त्याचं कसब पकडीत आहे : हायड्रोजनचा अणू धरायचा, पण सुटणारच नाही इतका घट्ट धरायचा नाही. 2005 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ही पकड संगणकावर मोजली, तेव्हा मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडा प्लॅटिनमच्या जवळ जाताना दिसल्या. एमआयडीसीतल्या फिटरच्या बोटांना लागलेलं काळं मॉली ग्रीस असतं ना, त्यातला हा पदार्थ! 2007 मध्ये प्रयोगानंही दाखवलं, काम कडाच करतात. मधला सपाट भाग नुसता बसून असतो. (अशी माणसंही तुम्हाला नोकरीत भेटतील.)

या हिशेबामागचं गणित वॉल्टर कोन यांनी सहकाऱ्यांसोबत 1964-65 मध्ये मांडलं. एकेका इलेक्ट्रॉनचा माग काढत बसू नका, त्यांची घनता कळली तरी पुरे, असं ते सांगतं. भौतिकशास्त्रातल्या या माणसाला 1998 चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं.

आता माझी फजिती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आपला जिल्हा उसाचा झाला. ऊस आला, मळी आली, मळीपासून अल्कोहोल आलं. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो. त्याचा गडद तपकिरी रंग जिवाणूंनाही सहजी पचत नाही. मी उजेडाच्या जोरावर तो रंग तोडणारा पदार्थ शोधायला बसलो. पडद्यावरचा स्फटिक निर्दोष, पाणी निर्मळ, आकडे झकास. मग एका मित्रानं खरा स्पेंटवॉश आणून टेबलावर ठेवला. मी बाटलीमागे टॉर्च धरला. पलीकडे काहीच दिसेना. ज्याला उजेड लागतो असा पदार्थ मी काळोखात कामाला लावत होतो! शिवाय स्पेंटवॉशमधले क्षार पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या जागा अडवून बसतात, तेही मी धरलं नव्हतं. महिनाभराचा हिशेब त्या टॉर्चनं मिनिटात निकालात काढला.

पदवीधर मित्रांनो, तुमच्यातल्या कितीकांच्या घरचं कुणी ना कुणी डिस्टिलरीत पाळीवर जात असेल. द्रव बाहेर पडतो तेव्हा किती गरम असतो, तळाशी काय साचतं, हे त्यांना विचारा आणि माझ्याकडे या. संगणक मी देतो. येताना बाटली आणा, फक्त झाकण घट्ट लावा. माझ्या गाडीतला वास अजून गेलेला नाही.