लहर कोठे हरवते?

संगणकात टी. व्ही. ट्यूनर कार्ड बसवावे, छपरावरील अँटेनाची केबल त्याला जोडावी, आणि पडद्यावर मात्र 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे उमटावीत, असे घडले की पहिला संशय कार्डावर जातो. कार्ड बदलले जाते, पैसे खर्च होतात, आणि नवे कार्डही पुष्कळदा तेच उत्तर देते. वस्तुतः कार्ड हा लहरीच्या वाटेवरील शेवटचा मुक्काम होय. शोध वाटेच्या आरंभापासून घेणे इष्ट.

आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून लहर उपलब्ध आहे काय आणि ती कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी पाहावे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हे प्रक्षेपण अ‍ॅनालॉग पद्धतीचे होते. २०१६ मध्ये दिल्ली, मुंबई यांसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनने जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बहुतांशी बंद केली. केवळ अ‍ॅनालॉग लहर जाणणाऱ्या कार्डाला डिजिटल लहरीचा अर्थ लागत नाही; इतकेच नव्हे, तर पहिल्या डीव्हीबी-टी पद्धतीपुरतेच घडविलेले कार्डही टी२ ओळखत नाही. अशा वेळी छपरावर कितीही खटाटोप केला तरी तो व्यर्थच.

लहर आहे आणि कार्डही तिच्या पद्धतीचे आहे, अशी खात्री झाल्यावर अँटेनाकडे वळावे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ६० मेगाहर्ट्झची लहर ५ मीटरची, तर ६०० मेगाहर्ट्झची अर्ध्या मीटरची. अँटेनाची मुख्य दांडी साधारणतः लहरीच्या निम्म्या लांबीची असते. म्हणजे पहिल्या लहरीस अडीच मीटर, दुसरीस अवघे २५ सेंटिमीटर. एका पट्ट्यासाठी केलेली अँटेना दुसऱ्या पट्ट्यात दुबळी ठरते, ती यामुळेच. तिचे तोंड मनोऱ्याकडे आहे ना, हेही पाहावे.

पुढचा टप्पा केबलचा. ती ७५ ओहमची असावी. तिच्या जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटली, तर लहर तेथेच संपते. दोन यंत्रांसाठी लावलेला स्प्लिटर प्रत्येकास निम्म्याहूनही कमी शक्ती देतो. तपासणीपुरता तो काढून ठेवावा. त्याच पद्धतीच्या टी. व्ही. संचाला हीच केबल जोडून पाहणे, ही निर्णायक कसोटी होय. संचावर चित्र आले तर दोष संगणकाच्या बाजूस. न आले तर कार्डास दोष देण्याचे कारण नाही.

संगणक स्वतःही रेडिओ-गोंगाट निर्माण करतो. त्याच्या पेटीवरच ठेवलेली लहान अँटेना तो गोंगाट प्रथम टिपते. तिला दोन-तीन मीटर दूर, खिडकीशी नेल्यास पुष्कळदा फरक पडतो. अँप्लिफायर मात्र विचारपूर्वक लावावा. तो लहर वाढवितो, तसाच तिच्यात मिसळलेला गोंगाटही वाढवितो. केबलमधील घट सुरू होण्यापूर्वी, म्हणजे अँटेनाजवळ, त्याचा उपयोग अधिक. मनोरा जवळ असल्यास त्याच्यामुळे लहर प्रमाणाबाहेर प्रबळ होऊन चित्र उलट बिघडते.

अ‍ॅनालॉग चित्र दुर्बळ झाले की ठिपक्यांनी भरे, तरी ओळखू येई. डिजिटल चित्र मात्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते, आणि ती ओलांडताच तुकडे होऊन नाहीसे होते. त्यामुळे कार्डाच्या प्रणालीत केवळ सिग्नलची शक्ती पाहून भागत नाही, त्याचा दर्जाही पाहावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम टिपून ठेवावा, आणि मगच पुढच्या टप्प्यावर जावे. या क्रमाने गेल्यास नव्या कार्डाचा खर्च करण्यापूर्वीच दोषाची जागा सहसा सापडते.