दोन रात्रींचे स्वातंत्र्य

(कोराडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोराडी हे समुद्रकाठचे गाव नव्हे. येथे तलाव आहे, जगदंबेचे देऊळ आहे आणि १९७० च्या दशकापासून आकाशात उभी असलेली औष्णिक वीज केंद्राची धुराडी आहेत. अशा गावच्या अभ्यासवर्गात गोव्याच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या रात्रीत समलिंगी स्त्री-पुरुष कसे व का जमतात, हा विषय घ्यावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. कित्येकांना तो चैनीचा विषय वाटेल. राखेने शेते माखली आहेत, कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतके वेतन नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या पबात कोण कोणाबरोबर नाचतो याची उठाठेव समाजवादी कार्यकर्त्याने का करावी, असा हा आक्षेप आहे. आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर असे की, हा प्रश्न गोव्याचा नाहीच. तो कोराडीचा आहे. गोव्याला जाणारा माणूस कोठून तरी निघालेला असतो, आणि तो जेथून निघतो तेथेच प्रश्नाचे मूळ असते.

कामगार वसाहतीतला एखादा पंचविशीचा तरुण डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात. वडील पाळीवर, आई घरी, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे. या तरुणाचे मन स्त्रीकडे नव्हे, पुरुषाकडे ओढ घेते, हे त्याला पंधराव्या वर्षीच उमगलेले असते. परंतु ते उच्चारण्याची सोय ना घरात, ना कामावर, ना युनियनच्या कचेरीत. कॅन्टीनमध्ये याच विषयावर जे विनोद होतात त्यांना त्याला सर्वांबरोबर हसावे लागते. मग वर्षाकाठी चार दिवसांची रजा आणि साठवलेले काही हजार रुपये घेऊन तो रेल्वेने मुंबईला, सुमारे साडेआठशे किलोमीटरवर, नाहीतर त्याहून दूर गोव्याला जातो. तेथे त्याला कोणी ओळखत नाही. त्या अनोळखीपणाचीच तो किंमत मोजतो. दोन रात्री तो स्वतःसारखा जगतो आणि सोमवारी पहाटे नागपूर स्थानकावर उतरताना पुन्हा आपला मुखवटा चढवतो. याला पर्यटन म्हणावयाचे, की दोन रात्रींची सुटका?

कोराडीला ही तऱ्हा अपरिचित नाही. विदर्भात कोळसा जळतो, त्याची वीज उच्चदाबाच्या वाहिन्यांनी पश्चिमेकडील शहरांच्या रात्री उजळायला जाते आणि राख येथेच साठते. मोकळेपणाचेही तसेच झाले आहे. प्रकाश तिकडे, राख इकडे.

समाजवाद्यांना गोव्याची वाट नवी नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या नागरी स्वातंत्र्याचा लढा सुरू केला. १९५५ साली सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींना घेऊन गोव्याची सीमा ओलांडली. मधू लिमयांना तर पोर्तुगीज न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्या काळी महाराष्ट्रातील माणसे गोव्यात गेली ती दुसऱ्याला स्वातंत्र्य मिळवून देण्यासाठी. आज महाराष्ट्रातीलच कित्येक माणसे गोव्यात जातात ती दोन दिवसांचे स्वातंत्र्य उसने आणण्यासाठी. उसने आणणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला ते उसने का आणावे लागते, हा विचार ज्यांनी केला नाही त्यांचा दोष आहे.

आता त्या रात्रीच्या इतिहासाकडे वळावे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम हे इंग्रजांचे देणे. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या या कलमाखाली न्यायालयात सिद्ध झालेले खटले थोडे. त्याचा खरा उपयोग चौकीवर होई. मुंबईतील बागा, समुद्राकाठचे कट्टे, रेल्वेस्थानकांच्या आसपासच्या जागा येथे संकेताने ओळख पटवून माणसे भेटत, आणि तेथेच त्यांना अडवून घड्याळ, पाकीट, पगार काढून घेतला जाई. तक्रार कोठे करणार? तक्रार करणे म्हणजेच कबुली. ज्याच्याजवळ स्वतःची खोली नव्हती तोच या जाळ्यात सापडे. श्रीमंताला दिवाणखाना होता, गरिबाला अंधार. कायदा सर्वांना सारखा होता; त्याचा मार मात्र वर्गाप्रमाणे पडत होता.

१९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. १९९४ साली हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. त्याच दशकात आणि पुढे काही वर्षे कुलाब्यातील 'वूडू' या पबात शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून ओळखली जाई. आज या गोष्टी वाचताना कोणाला त्या चंगळवादी वाटतील. परंतु ज्याला दिवसा सभा घेता येत नाही तो रात्री जमतो, हा सर्व दडपलेल्या माणसांचा अनुभव आहे. एड्सविषयीची माहिती, पोलिसांनी पकडल्यास कोणत्या वकिलाकडे जावे याचा सल्ला, घरातून हाकललेल्याला निवारा, हे सारे अशा जमण्यातूनच एकाकडून दुसऱ्याकडे गेले. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत या मंडळींनी मोर्चा काढला तो ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीकडे. ज्या मैदानावर १९४२ साली 'चले जाव'ची घोषणा झाली, तेच त्यांनी निवडले. अंधारात भेटणारी माणसे दिवसाढवळ्या समुद्रकाठी चालत गेली, आणि कित्येकांच्या तोंडावर तरीही मुखवटे होते.

पुढील न्यायालयीन वाटचाल सर्वश्रुत आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने त्यांना कायमची गुन्हामुक्ती दिली. त्या निकालाच्या याचिकाकर्त्यांकडे कार्यकर्त्यांनी जरा निरखून पाहावे. त्यांत नर्तक होते, पत्रकार होते, विद्यार्थी होते. आणि केशव सूरी व अमन नाथ हे दोन हॉटेल व्यावसायिकही होते. त्यांनी धैर्य दाखवले याबद्दल त्यांचे ऋणच मानले पाहिजे. परंतु कामगार चळवळीचे नाव त्या लढ्यात ठळकपणे का दिसले नाही, हा प्रश्न हॉटेलवाल्यांना नव्हे, स्वतःला विचारावयाचा आहे.

चळवळीने जी जागा रिकामी ठेवली ती बाजाराने भरली. समलिंगी प्रवासी हा खर्च करणारा गिऱ्हाईक आहे, हे जगभरच्या हॉटेलांना, विमान कंपन्यांना आणि मद्य विकणाऱ्यांना पक्षांच्या कितीतरी आधी कळले. सप्तरंगी पताका लावली की मोकळेपणा विकता येतो. मात्र तो मोकळेपणा प्रवेशशुल्कापासून सुरू होतो आणि बिल चुकते करताच संपतो. दारावरचा रखवालदार बूट पाहतो, इंग्रजी ऐकतो, कातडीचा रंगही पाहतो. 'फक्त जोडप्यांना प्रवेश' ही पाटी तर अनेक नृत्यगृहांची रीतच आहे, आणि जोडपे म्हणजे एक स्त्री व एक पुरुष हे त्यात गृहीतच असते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पेला आणून देणारा ओडिशाचा, झारखंडचा किंवा कर्नाटकाचा मुलगाही समलिंगी असू शकतो. पण मोसमभर मागच्या खोलीत दहा जणांच्या ओळीत झोपणाऱ्या त्या मुलाच्या वाट्याला तो किनारा केवळ कामाची जागा म्हणून येतो. आणि स्त्रिया? रात्र, रस्ता आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी ज्यांना मुळातच नाकारल्या, त्यांच्यापैकी समलिंगी स्त्रीला दोन रात्रींची सुटकाही सहसा मिळत नाही. तिचे लग्न लावून दिले जाते आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आणली. चार दशकांनंतरही तिच्या नायिकेला कामगार वसाहतीत खोली मिळेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

येथे कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्य थेरे आहेत, यांचा श्रमिकांच्या चळवळीशी काय संबंध? जर्मन समाजवाद्यांचे नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८९८ मध्येच आपल्या संसदेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाविरुद्ध भाषण केले होते. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातील झारशाही कायदा गेला आणि १९२२ च्या दंडसंहितेत हा गुन्हा राहिला नाही. स्टालिनच्या राजवटीने १९३४ साली तो पुन्हा आणला. क्रांतीच्या नावानेच माणसाच्या खाजगी जीवनावर पहारा बसवता येतो, याचे हे उदाहरण समाजवाद्यांनी विसरू नये.

महाराष्ट्राची परंपरा तर याहून जवळची. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, त्यांनी दिलेल्या स्वच्छ उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्ञान मागणाऱ्याला विकृत ठरवू नका, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात उभी केली. त्यांच्या दीक्षाभूमीपासून कोराडी काही दूर नाही. लोहियांच्या सप्तक्रांतीतही वर्ण, जात, लिंग आणि संपत्ती यांच्या विषमतेबरोबरच खाजगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धची क्रांती गणली आहे. कार्यकर्ते सप्तक्रांतीची नावे पाठ म्हणतात. या एका नावापाशी आवाज हळू होतो.

आणि ज्या गावाची भाकर कोळशावर शिजते, त्या गावाने इंग्लंड-वेल्समधील खाणकामगारांची कथा तर अवश्य ऐकावी. मार्च १९८४ मध्ये थॅचर सरकारच्या खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध संप सुरू झाला. लंडनमधील काही समलिंगी तरुणांनी संपकऱ्यांसाठी मदतनिधी काढला. तो त्यांनी गोळा केला कोठे? समलिंगी बारच्या आणि क्लबांच्या दारांत, बादल्या घेऊन. पैसे गेले दक्षिण वेल्सच्या डुलाईस खोऱ्यात. डिसेंबरमध्ये लंडनच्या कॅम्डेन भागातील नृत्यगृहात संपकऱ्यांसाठी संगीताचा मोठा जलसाही झाला. संप वर्षभराने मोडला. पण जून १९८५ मध्ये लंडनच्या समलिंगी अभिमान मोर्चाच्या अग्रभागी चालत होते ते आपापले फलक घेतलेले वेल्सचे खाणकामगार. आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांचा ठराव संमत झाला, तो खाणकामगार संघटनेच्या मतांच्या पाठबळावर. ज्या रात्रीला चैन म्हणून हिणवले जाते, तिनेच संपकऱ्याच्या चुलीला इंधन पुरवले, आणि संपकऱ्याने त्याची परतफेड दिवसाच्या उजेडात केली. वर्गलढा आणि मानवी प्रतिष्ठेचा लढा यांत निवड करावी लागते, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

मग कोराडीत काय करावयाचे? नागपुरात काम पूर्वीच सुरू झाले आहे. सारथी ट्रस्टसारखी संस्था तेथे कार्यरत आहे आणि २०१६ पासून अभिमान मोर्चाही नागपूरच्या रस्त्यांवर निघाला आहे. तो मोर्चा पाहायला जाणे ही पहिली पायरी. त्यात चालणे ही दुसरी. पण खरे काम वसाहतीत आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले आणि प्रश्न विधिमंडळांकडे सोपवला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे आणि संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नाही, एवढे स्पष्ट केले. एवढे पुरेसे नाही. जोडीदार आजारी पडल्यास रजा, वैद्यकीय सवलत, अपघाती मृत्यूनंतरची भरपाई, राहण्याची खोली या गोष्टी सेवानियमांतील 'कुटुंब' या शब्दावर अवलंबून असतात. त्या शब्दाचा अर्थ व्यापक करा, ही मागणी युनियनच्या मागणीपत्रात वेतनाच्या मागणीशेजारी बसली पाहिजे. चिडवणे, धमकावणे, मोबाईलवरील ओळखीतून जाळ्यात ओढून पैसे उकळणे, यांत सापडलेल्या तरुणाला युनियनच्या कचेरीत निर्भयपणे पाऊल टाकता आले पाहिजे. आणि कॅन्टीनमधला तो विनोद पुन्हा झाला तर निदान एका कार्यकर्त्याने हसण्यास नकार द्यावा. ठरावापेक्षा हे अवघड आहे, याची कल्पना ज्याला आहे तोच ते करील.

समुद्र सर्वांचा आहे. ज्याला तो पाहावासा वाटेल त्याने खुशाल पाहावा, नाचावेसे वाटेल त्याने नाचावे. समाजवाद आनंदाचा वैरी नाही. पण ज्या दिवशी या गावातील तरुण केवळ लाटा पाहण्यासाठी गोव्याला जाईल, स्वतःला पाहण्यासाठी नव्हे, आणि परतताना नागपूर स्थानकावर त्याला मुखवटा शोधावा लागणार नाही, त्या दिवशी १९४६ साली मडगावात सुरू झालेले काम कोराडीपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.