काटकसर कुणाच्या ताटातून?

शेतात असाल, चुलीपुढं असाल, शिलाई मशीनवर बसला असाल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज डिसेंबरच्या खर्चाबद्दल बोलायचंय.

दिवाळीत घरातला पैसा एकदा उतरलेला असतो. तो पुन्हा साठायच्या आत डिसेंबर दारात येतो. आमच्या घरी नाताळ. तुमच्यापैकी कितीतरी जणींकडं मार्गशीर्षातले गुरुवार, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, आणि मग लगेच भोगी-संक्रांत. शाळेचं गॅदरिंग आणि सहल तर सगळ्यांच्याच घरी. तेव्हा मी बोलेन नाताळचं, तुम्ही त्या जागी आपला सण धरा. गणित तेच आहे.

माझं माहेर मिरजेकडचं, सासर सातारा जिल्ह्यात. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गावात नाताळ म्हणजे काय असतो हे जवळ राहणाऱ्यांना विचारा. आमच्याकडं नाताळला केक असतो, पण फराळ त्याच्या आधी. करंजी, चकली, शंकरपाळी, लाडू, सगळं दिवाळीसारखंच. दिवाळीला शेजारणींकडून ताटं आलेली असतात, त्यांना नाताळला ताट जातं. आणि ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत दोन्हीकडं सारखीच. निदान साखर तरी त्यात येते. म्हणून नाताळचा खर्च कमी करा असं कुणी वरवर सांगितलं तर मला ते पटत नाही. काय कमी करायचं? शेजारणीचं ताट?

बायका यावर काय करतात ते मी बचत गटाच्या वह्या बघताना वर्षानुवर्षं पाहतेय. त्या ताट कमी करत नाहीत. स्वतःचं कमी करतात. मुलांना कपडे होतात, सासूबाईंना होतात, मालकांना शर्ट होतो, आणि "मला काय, आहे की दिवाळीचं" म्हणून स्वतःचं नाव कटतं. मटणाचा रस्सा सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे राहील ते तिचं. दवाखान्याची तारीख पुढं ढकलली जाते. रक्ताच्या गोळ्या संपलेल्या असतात, "नवीन वर्षात आणू". याला घरात सगळे काटकसर म्हणतात आणि वर कौतुकही करतात, की आमची सून फार काटकसरी. माझं म्हणणं सरळ आहे: ही काटकसर वहीत लिहिलीच जात नाही, कारण ती फक्त एकीच्या अंगावरून वसूल होते.

हे आजचं नाही. साताऱ्याशी नातं असलेलं एक घर आठवा, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. टिळक १९१७ सालापासून साताऱ्यात राहिले, तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मोठा कवी, मोठ्या मनाचा माणूस. पण पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. कुणी गरजू दिसला की दिला, पुस्तक दिसलं की घेतलं, पाहुणा दिसला की घरी आणला. उद्या चुलीवर काय ठेवायचं ही काळजी लक्ष्मीबाईंची. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं इतकं हसत सांगितलंय की वाचताना आपल्यालाही हसू येतं. गटातल्या वाचता येणाऱ्या बाईनं इतरींना ते पुस्तक वाचून दाखवावं, हिवाळ्याच्या संध्याकाळी फार छान जमतं. पण हसून झाल्यावर विचार करा, देणाऱ्याचं नाव झालं आणि भागवलं कुणी?

आता हिशेब. "आम्हाला हिशेब जमत नाही" हे मी ऐकणार नाही. माणदेशी महिला बँकेची गोष्ट माणमधल्या लेकीबाळींना पाठ आहे. सभासद बायका अंगठा उठवतात म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. बायका सही करायला शिकल्या, आणि पुन्हा गेल्यावर त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या साहेबांनाच सांगितलं, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारीही काढू देत, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली बँक उभी राहिली. त्या आपल्याच मावश्या-काक्या.

धरूया, पाच माणसांचं घर आहे आणि नाताळपासून नवीन वर्षापर्यंत जास्तीत जास्त ६,००० रुपये खर्चायचे ठरलंय. फराळ १,६००. कपडे २,२००. २५ तारखेचं जेवण १,२००. चर्चमधलं अर्पण २००. रात्री नाताळची गाणी म्हणत मंडळी दारात येतात, वीस-पंचवीस माणसांचा चहा आणि थोडं खाणं, २५०. केक २५०. माहेरी जाऊन यायचा प्रवास ३००. बेरीज करा, बरोबर ६,००० होतात. आता त्यातले कपड्यांचे २,२०० उलगडून बघा. दोन मुलांचे १,५००, सासूबाईंच्या लुगड्याचे ७००. संपले. तुमचं नाव कुठं आहे?

म्हणून माझी पहिली सूचना: ही यादी एकटीनं, रात्री सगळे झोपल्यावर करू नका. जेवायला सगळे बसले की वही उघडा आणि मोठ्यानं वाचा. प्रत्येक माणसाच्या नावापुढं आकडा लिहा, स्वतःच्याही. शून्य असेल तर शून्य लिहा, पण लिहा. ते शून्य मोठ्यानं वाचलं की घरात जरा शांतता होते. आमच्या गटातल्या एकीच्या सातवीतल्या पोरानं वही ओढून घेतली आणि स्वतःचे १०० कमी करून आईच्या नावापुढं टाकले. शंभरात काय येतं म्हणाल, तर काही नाही. पण त्याला कळलं की पैसे कुठून तरी येतात.

दुसरं, यादीत एक ओळ हमखास राहून जाते. थर्टीफर्स्ट. हा सण आमचा नाही आणि तुमचाही नाही, पण आता प्रत्येक गावात आहे. वस्तीवरची पोरं वर्गणी काढतात, मालक मित्रांबरोबर बसतात, कोंबडी होते, आणखी काय काय होतं ते मी रेडिओवर सांगायला नको. हा पैसा यादीत नसतो. जानेवारीत दुधाच्या बिलात किंवा दुकानाच्या उधारीत सापडतो. भांडण करू नका, ओळ लिहा: "थर्टीफर्स्ट" आणि पुढं आकडा विचारा. जो आकडा सांगतील तो या ६,००० मधूनच काढायचा, बाहेरून नाही. मग कुठली ओळ कमी करायची हे त्यांनाच सांगू द्या. आईचं लुगडं की पोरीचा फ्रॉक? मी पाहिलंय, आकडा आपोआप खाली येतो. काही घरांत येत नाही, आणि तिथं वहीनं काम होणार नाही. तिथं गटानं बाईच्या पाठीशी उभं राहायला लागतं.

आता कमी कुठं होतं ते सांगते. फराळ पाच प्रकारचा करायचा तो तीन प्रकारचा करा. चार घरांनी मिळून एक दिवस एकच कढई ठेवा. प्रत्येकीनं वेगळं तळलं की प्रत्येकीच्या कढईत तळणीचं तेल उरतं, ते पुन्हा पुन्हा वापरायला तब्येतीला वाईट आणि टाकायला जीव होत नाही. एका कढईत चार घरांचं झालं तर तेल वाचतं, जळण वाचतं आणि तीन रात्रींचं जागरण एका दुपारवर येतं. पीठ, साखर, डाळ आपापली आणायची, तेलाचे पैसे वाटून घ्यायचे. लाडवाला नवा गूळ आणि आपल्या रानातले शेंगदाणे वापरले तर साजूक तुपाच्या बेसनलाडवापेक्षा कुठंही कमी पडत नाहीत, असं माझं मत. सासूबाईंचं वेगळं आहे.

केकचं म्हणाल तर बाजारचा क्रीमचा केक एका दिवसात संपतो. घरी रव्याचा केक जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मीठ किंवा वाळू टाकून छान होतो. तासगावकडच्या बाईनं बेदाणे विकत आणले तर तिला हसतील. ओळखीच्या बागायतदाराकडून सुटे घ्या, पाकिटापेक्षा स्वस्त पडतात. नानकटाईचं पीठ मळून गावातल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, तिचाही उपयोग करा. चांदणीचा कंदील मुलांना बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद देऊन करायला लावा. वाकडी होईल. होऊ दे.

प्रवासाचं लक्षात ठेवा, मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. वडापच्या जीपला पुरे पैसे देण्यापेक्षा अर्धा तास थांबून एसटी पकडली तर माहेरचा फेरा निम्म्यात होतो. गॅदरिंगच्या ड्रेसचंही तसंच. एका दिवसाच्या कोळी नृत्यासाठी किंवा सांताक्लॉजच्या टोपीसाठी नवीन कपडे शिवायचे कशाला? मागच्या वर्षी कुणाच्या पोरीनं घातला होता ते गटाच्या बैठकीत विचारा. सहल मात्र चुकवू नका. पोरगी वर्षभर त्याची वाट बघत असते.

आणि न आलेल्या पैशावर सण करू नका. ऊस गेला की १४ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, पण जोवर खात्यावर दिसत नाहीत तोवर ते आपले नाहीत. लाडक्या बहिणीचे १,५०० सुद्धा जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच वहीत लिहायचे. "येणारच आहेत" या शब्दावर दुकानदार माल देतो, आणि मग उधारीच्या मालाला तो भाव लावेल तो भाव.

तरीही पैसे कमी पडले तर? कर्ज कुठून काढता त्यावर सगळं आहे. गटातून ५,००० घेतले, महिना शेकडा २ रुपये व्याज, दहा हप्त्यांत ५००-५०० मुद्दल फेडत गेलात, तर शिल्लक रकमेवर व्याज धरून सगळं मिळून ५५० रुपये व्याज जातं. तेही गटाच्याच पेटीत, म्हणजे तुमच्याच. तेच ५,००० गावातल्या सावकाराकडून शेकडा ५ नं उचलले तर महिन्याला २५० नुसतं व्याज. चार महिने व्याजच देत राहिलात तर १,००० गेले आणि ५,००० तसेच डोक्यावर. दारात येऊन आठवड्याच्या हप्त्यानं पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्या कागदावर सही करण्याआधी एकच विचारा: हातात किती मिळणार आणि सगळे हप्ते मिळून किती भरायचे? दोन आकड्यांतला फरक स्वतः काढा. एका हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढणारी बाई मी पाहिलीय, मंगळसूत्रातले मणी ठेवून हप्ता भरणारीही पाहिलीय. सणासाठी काढलेलं कर्ज सण विसरल्यावरही फिटत नाही. म्हणून मी तरी सणाला गटाचंही कर्ज घेऊ नका असंच सांगेन. ते आजारपणाला, शेळीला, शाळेच्या फीला ठेवा.

त्याऐवजी भिशी लावा. आपल्या सातारा-सांगलीत भिशी कुणाला शिकवायला नको, पण बहुतेकींची भिशी दिवाळीला फुटते आणि डिसेंबर कोरडा राहतो. फेब्रुवारी ते नोव्हेंबर दहा महिने, महिन्याला ६०० टाकले की नाताळचे ६,००० तयार. आठवड्याला १५० पडतात. जिला १५० झेपत नाहीत तिनं ५० टाकावेत आणि २,००० चा सण करावा. त्यात कमीपणा नाही. हे पैसे गटाच्या नेहमीच्या बचतीत मिसळू नका. वेगळी वही, प्रत्येक वेळी सही, आणि पैसे कुणा एकीच्या घरात न ठेवता बँकेत. लकी ड्रॉची भिशी काढणाऱ्या अनोळखी माणसाकडं तर एक रुपयाही देऊ नका, भांड्यांचा सेट कितीही चकचकीत दाखवला तरी.

संक्रांतीच्या वाणालाही हीच वही चालेल. किती सवाष्णी येणार ते आधी मोजा, मग वस्तू ठरवा. बायका उलटं करतात, आधी प्लास्टिकचे डबे पन्नास आणतात आणि मग वीस जणी येतात. उरलेले तीस डबे माळ्यावर. यंदा दोन-तीन गटांनी वाण म्हणून घरच्या हळदीची आणि तिळाची छोटी पुडी द्यायचं ठरवलंय. सांगलीची हळद, दुसरं काय हवं?

जानेवारीच्या पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकीनं डिसेंबरचं ते पान घेऊन यायचं. ठरवलेला आकडा डावीकडं, झालेला उजवीकडं. वाचताना आपल्या नावापुढची ओळ सगळ्यात आधी वाचा.