अंगणातला चिनी गुलाब



आमच्या कबनुरातल्या घरी उन्हाळ्यात पाणी बेताचे. घागरीतले फुलझाडांना कोठून घालावे? म्हणून मी चिनी गुलाब लावला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या घोळीच्या भाजीचा भाऊबंद. पाणी पानांतच साठवितो. बोटभर कांडी खोचली की जमीन झाकीत पसरतो.

पहिल्या वर्षी मायेने रोज पाणी घातले, तर सारा कुजला! काळ्या मातीत निम्मी वाळू मिसळावी, ऊन भरपूर हवे.

फूल सकाळी उमलते अन् दुपारनंतर मिटते. नेमके आपला स्वयंपाक आटोपतो तेव्हा! आता मी भाजी अंगणातच निवडते. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग त्याही पाट घेऊन येऊ लागल्या.

कांड्या आणल्या आहेत. सभा संपल्यावर न्याव्यात.