न आलेलं मत कुणाला जातं? आडव्या बाटलीचा हिशोब

मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. बी.टेक. केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझं काम म्हणजे नियम लिहायचे आणि ते कुठं अडकतात ते शोधायचं. आज असाच एक नियम घेऊन आलोय. पण हा कॉम्प्युटरचा नाही, दारूच्या दुकानाचा आहे.

आपल्याकडं पारावर, एसटी स्टँडवर एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "बायांनी ठरवलं तर दुकान एका दिवसात बंद होईल." बोलायला सोपं आहे. पण कायद्यात ते कसं होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

महाराष्ट्रात 2008 च्या आदेशानुसार गावातलं परवानाधारक दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं. आधी गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी, तशी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिलाही हे एका नजरेत कळतं. इथपर्यंत सगळं छान आहे.

खरी गोम मोजणीत आहे. आपण ग्रामपंचायतीला मत देतो तेव्हा ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. इथं तसं नाही. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मत द्यायला आलेल्यांच्या नाही, यादीत नाव असलेल्यांच्या.

आता एक काल्पनिक गाव घ्या. यादीत 2,000 महिला. मागणीसाठी 500 सह्या लागतील आणि जिंकायला 1,001 मतं. त्यातल्या 400 जणी ऊसतोडीला गेलेल्या. 100 नावं अशी, की पोरगी लग्न होऊन सासरी गेली किंवा म्हातारी वारली, पण नाव तसंच राहिलं. उरल्या 1,500. त्यातल्या 1,100 जणी उन्हात रांग लावून मत देतात. आडवी बाटली 950, उभी बाटली 150. कुणीही म्हणेल, गाव जिंकलं. पण नियमाच्या हिशोबात गाव हरलं! कारण 1,001 झाले नाहीत.

आमच्या भाषेत याला डिफॉल्ट म्हणतात, म्हणजे तुम्ही काहीच निवडलं नाही तर आपोआप जे लागू होतं ते. इथं डिफॉल्ट उभी बाटली आहे. घरी बसलेली बाई, कारखान्यावर गेलेली बाई, इतकंच काय, वारलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. दुकानदाराला मतं मिळवायची गरजच नाही. बायांना घराबाहेर पडू दिलं नाही तरी त्याचं काम झालं.

म्हणून मोर्चा काढायच्या आधी यादी हातात घ्या. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. बीएलओला भेटा. मयत नावं वगळायला फॉर्म 7 आहे, आणि सासरी गेलेल्या लेकीनं तिकडं फॉर्म 8 भरला की नाव तिकडं जातं. अठरा पूर्ण झालेल्या पोरींसाठी फॉर्म 6 आहे. हे काम गावातल्या शिकलेल्या पोरांचं आहे, मोबाईल आपल्याच हातात असतो. दुसरं म्हणजे तारीख. मराठवाड्यातून टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात, त्या पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागणी कधी करायची, हे टोळ्या गावात कधी असतात ते बघूनच ठरवा.

अजून एक. हा नियम फक्त परवाना असलेल्या दुकानाला लागू आहे. झोपडीत हातभट्टी विकली जात असेल तर तिथं मतदान कशाचं घेणार? ती विक्री आधीच गुन्हा आहे. तिथं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 आहे, पोलीस आहेत, राज्य उत्पादन शुल्क खातं आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

आता समजा बाटली आडवी झाली. मग संपलं का? गडचिरोलीकडं बघा. लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर 1993 मध्ये तिथं जिल्हाभर दारूबंदी झाली. तरीही 2016 मध्ये तिथं 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू करावा लागला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा त्यात पुढाकार. गावोगावी संघटना, अवैध विक्रीवर लक्ष आणि व्यसनी माणसावर उपचार, हे सगळं एकत्र. चंद्रपुरात 2015 च्या एप्रिलपासून बंदी आली आणि 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. कारण देताना अवैध दारू वाढल्याचंच सांगितलं गेलं. म्हणजे मागं गाव उभं नसेल तर नुसता आदेश टिकत नाही.

आणि पिणाऱ्याचं काय? पूर्वी काही गावांत दारुड्याला खांबाला बांधून मारायचे आणि आपण कौतुकानं सांगायचो. मला ते पटत नाही. मार खाऊन माणूस लपून प्यायला लागतो, दुसरं काही होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, कधी जीवही जातो. त्याला डॉक्टर लागतो. पुण्यात 'मुक्तांगण' 1986 पासून हेच काम करतंय. तितक्या लांब जाणं जमत नसेल तर आधी फोन करा. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 आहे. हे दोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

मोजणीचा हा नियम बदलायला हवा, प्रत्यक्ष झालेल्या मतांवर निकाल लागायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी भांडूच. पण तोवर आहे त्या नियमात जिंकायचं असेल तर घोषणेपेक्षा यादी महत्त्वाची. तुमच्या गावच्या यादीत किती नावं आहेत आणि त्यातल्या किती बाया आज खरंच गावात आहेत? या आठवड्यात एवढं मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.