तारलीने मुलूख का सोडला?



तारली हा मूळचा मलबारचा मासा. केरळ आणि कर्नाटकचा किनारा हेच त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर. पण गेल्या काही दशकांत तो उत्तरेकडे सरकत आला. पाणी तापले, तसा त्याचा मुलूख बदलला. थव्याने वरच्या पाण्यात फिरणारा बांगडाही आता तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त सापडतो. थंडाव्यासाठी तो खाली उतरतो आहे.

माशांवर ही वेळ का यावी? पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुटले, की केरळच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, म्हणजेच प्लवक. तारलीचे पोट या प्लवकांवरच भरते. मात्र वरचे पाणी फार तापले, की हलके होऊन सायीसारखे वरच राहते आणि खालचा सकसपणा वर येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की पश्चिम हिंदी महासागरातले हे प्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटले आहेत.

केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती. 2021 मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. हा सगळा दोष एकट्या उष्म्याचा नाही. अंडी घालण्याआधीच पिल्ले जाळ्यात ओढली गेली, हेही त्याचे कारण आहे. तापलेल्या पाण्याने आधीच बेजार झालेल्या माशाला आपण सावरायची उसंतच देत नाही.

समुद्राचे तापमान आपण उद्या उतरवू शकणार नाही. पिल्ले वाचवणे मात्र आजच शक्य आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. हा नियम नुसता बंदरावर पाळून भागणार नाही, तो बाजारातही पाळला गेला पाहिजे. गिऱ्हाईक आहे तोवर पिल्ले विकली जाणारच. म्हणून श्रोतेहो, माझी कळकळीची विनंती आहे: तळहातावर मावणारे पापलेट कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका.