लाल मातीतले फोटो
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही तिघेही सरकारी नोकर आणि तिघेही इलेक्ट्रिकलचे डिप्लोमावाले. चार वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक वापरलेला कॅमेरा घेतला. फुले झाली, सूर्यास्त झाले, मग कुस्तीच्या मैदानांकडे वळलो. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे, निपाणी भागात जत्रेची मैदाने भरतात, आणि शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेले कोल्हापूरचे खासबाग तर शेजारीच. फोटोंना काय तोटा, असे वाटले.

पहिल्या मैदानात दोनशे फोटो काढले. त्यांत पंचांची पाठ होती, हलगीवाला होता, मातीत हललेले हातपाय होते. चितपट एकही नव्हती. रात्री प्रकाश कमी, म्हणून कॅमेऱ्याने आपणहून शटर सावकाश केले होते. दुसऱ्या खेपेला शटर एक पाचशेवा सेकंद, आयएसओ ३२०० आणि ५० मिमीची १.८ वाली स्वस्त लेन्स. आता हात हलेनात, पण एक फोटो उजळ तर पुढचा मिणमिणता. लेन्स दुरुस्तीला न्यायची म्हणून भांडलोसुद्धा! पन्नास हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, हे पॉलिटेक्निकमध्ये पाठ केलेले. कॅमेऱ्याचा दोष नव्हताच. तिघा इलेक्ट्रिकलवाल्यांना हे कळायला वर्ष लागले, हे हसण्यासारखेच आहे. आता एकदम पाच-सहा फोटो घेतो आणि उजळ तेवढे ठेवतो.

लडाखची आइस हॉकी आम्ही टीव्हीवर पाहिली. तिथे पांढऱ्या बर्फाने कॅमेरा फसतो आणि खेळाडू काळपट निघतात. आपल्याकडे उलटे. मागे काळे आभाळ, त्यामुळे पैलवान पांढराफटक. दोन्हीकडे उपाय एकच, प्रकाशाचा आकडा स्वतः ठरवून कॅमेरा तिथेच बांधून ठेवायचा.

खरी अडचण मात्र डावांची होती. एका वस्तादांनी आम्हाला बाजूला बसवून सांगितले, "बटण पडल्यावर दाबताय. पडायच्या आधी दाबा." पट काढणारा आधी डोके खाली घालतो. धोबीपछाड मारणारा समोरच्याचा हात खांद्यावर ओढून पाठ वळवतो. पाठ वळताना बोट दाबले तर फोटो मिळतो, पडल्यावर दाबले तर धूळ.

आता मुद्द्याचे. मोठी कुस्ती शेवटी, रात्री लागते आणि तिच्याभोवती शंभर मोबाईल असतात. पोरांच्या कुस्त्या दुपारी उन्हात लागतात. तेव्हा उजेड भरपूर असतो, पण आम्ही झाडाखाली चहा पीत बसायचो. निपाणीजवळच्या एका जत्रेत एक बाई विचारत आल्या, "सायेब, आमच्या पोराचा फोटो हाय काय? पयली कुस्ती मारली त्यानं." नव्हता. पुढच्या वर्षी तोच पोरगा तंबाखूच्या वखारीत पोती उचलताना दिसला. तालीम सुटली होती. त्याने आम्हाला ओळखले आणि पुन्हा तेच विचारले, "त्या दिवशीचा काय घावला काय?"

तेव्हापासून आम्ही दुपारी दोनलाच आखाड्याच्या कडेला मांडी घालतो. नवशिक्यालाही हेच सोयीचे. उजेडात साधा कॅमेरा चालतो, पोरांचे डाव थोडे सावकाश असतात, आणि कुणी हाकलत नाही. जोड लागली की पंचांकडून नाव-गाव लिहून घेतो. प्रिंट निपाणीच्या आठवडी बाजारात गावकऱ्यांकडे देतो. हरलेल्याचाही देतो, पण पाठ टेकलेला नव्हे, हात मिळवतानाचा. त्याबद्दल आमच्यात अजून वाद आहे. एकाचे म्हणणे, कुस्ती म्हटली की हारही दिसली पाहिजे. बाकीचे दोघे ऐकत नाही.

वखारीतल्या त्या पोराला द्यायला आमच्याकडे अजून काही नाही. तुमच्या गावात मैदान असेल तर आठ दिवस आधी सांगा. पेट्रोल आमचे, चहा तुमचा.